विंझरच्या वळणावर नितीन पडला होता

मंडळी, आज सकाळच्या वेल्ह्याच्या सायकल राइडबद्दल लिहितोय, आणि वैतागूनच लिहितोय.

चढावर मी नेहमीसारखा मागे पडलो होतो. विंझरच्या पुढच्या वळणावर पाहतो तर नितीन रस्त्याकडेला बसलेला. आमच्या ग्रुपबरोबरची त्याची पहिलीच राइड. खडीवरून सायकल घसरली होती आणि खांदा हलवता येत नव्हता. शेळ्या राखणाऱ्या एक मावशी त्याला पाणी पाजत होत्या.

"तुमचीच मानसं पुढं गेली की," त्या म्हणाल्या. "म्या लई हाका मारल्या. एकानं हात हलवला, पर थांबलं कुनी न्हाई."

मी सगळ्यांना फोन लावले. कुणी उचलेना. शेवटी मावशींनीच दुधाचा टेम्पो अडवला, "हळू ने रं, पोराला हिसका बसंल," असं ड्रायव्हरला बजावलं, आणि आम्ही सायकलींसकट दवाखान्यात पोहोचलो. कॉलरबोन मोडलंय.

तिथे बसलो असताना ग्रुपवर वेल्ह्यातला फोटो आला. सगळे हसतायत, हातात मिसळीच्या प्लेटा. खाली लिहिलंय, 'सगळे सुखरूप पोहोचलो.' नितीनने तो पाहिला आणि ग्रुप सोडला.

तुमच्याही ग्रुपमध्ये असंच चालतं का? सगळ्यांच्या मागे कोण राहतं, हे निघण्याआधी ठरवता का तुम्ही?