गुरुजी पाचवीत बसले

माझं शिक्षण सातवी नापास. तरी लिहितो आहे, कारण ही गोष्ट आता दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. जिला ठाऊक होती ती माझी बायको या उन्हाळ्यात गेली. तिनं सांगितली असती तर नीट सांगितली असती.

साहेबाचं राज्य होतं. नागपूरजवळ, कुहीकडच्या आमच्या धानाच्या गावात मिडल शाळा होती. खोली एक. तीत पाचवी, सहावी, सातवी, आणि तिन्ही मिळून गुरुजी एक. त्या एकाकडेच गावचं डाकघरही. खिडकीशी बसून ते पोस्टकार्डं विकत, म्हाताऱ्यांची पत्रं लिहून देत, आलेली वाचून दाखवत. पत्रात मरणाची बातमी निघाली की ऐकणारी बाई तिथंच रडत बसे आणि गुरुजींचा दिवस तिची समजूत काढण्यात जाई. मग आम्ही एकमेकांना शिकवायचो. आजकाल याला काही मोठं नाव आहे म्हणे. तेव्हा आम्ही याला ‘गुरुजी कामात आहेत’ म्हणायचो.

नियम आमचेच होते. ज्याला येतं त्यानं सांगायचं, वय बघायचं नाही. चुकला त्यानं पाचवीच्या बसायच्या तरटपट्टीवर जाऊन बसायचं, आणि तेच गणित पाचवीच्या एखाद्या पोराला बिनचूक समजावलं की वर यायचं. मी सातवीत, सोळा वर्षांचा, मिशी फुटलेली. पण मुक्काम बहुतेक पाचवीत. सातवीचं गणित सांगायची ती चौदा वर्षांची एक मुलगी. शाळेत मुलगी तेवढीच. तीच पुढं माझी बायको झाली. तेव्हा मला ती वैरीण वाटायची.

“चुकलं. जाय गा पाचवीत.”

“अवं, थोडंसंच तं चुकलं.”

“मंग थोडासाच वेळ बस.”

तिला सातवीची परीक्षा द्यायची होती, मास्तरीण व्हायचं होतं. बाप मात्र स्थळं पाहायला निघाला होता. गुरुजी त्याला म्हणाले, “पोरगी काढली तं सातवीले शिकवन कोन?” बापाला ते ऐकून बरं वाटलं. म्हणाला, “शाळेचं अडत असन तं राहू द्या परीक्षेवरी.” शाळेचं तिच्यावाचून अडतं, एवढ्या एका गोष्टीवर तिची सातवी टिकून होती.

थंडीत डेप्टी साहेब शाळेच्या तपासणीला येणार असं पत्र आलं. गुरुजींनी स्वतःच ते वाचलं आणि मरणाची बातमी आल्यासारखं तोंड केलं. फळ्याला त्यांनी दोन वर्षांत हात लावला नव्हता. मग आम्हीच त्यांची तयारी करून घेतली. तीन दिवस ती त्यांना बांधीचं क्षेत्रफळ शिकवत होती. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा, एक बांध लांब, समोरचा आखूड. दोन्हींची बेरीज करायची, निम्मी करायची, मग मधल्या रुंदीनं गुणायची. गुरुजी निम्मी करायचं विसरत. नियम सगळ्यांना सारखा. विसरले की पाचवीत जाऊन बसत, कोणाला तरी समजावून वर येत. तीन दिवसांत पाचवीच्या सगळ्या पोरांना ते गणित आलं. गुरुजींचं तेवढं राहिलं.

साहेब बैलांच्या दमणीतून उतरले. कोट, फेटा, खुर्चीत बसले. गुरुजींनी फळ्यावर बांधी काढली, चांगली काढली. बेरीज केली आणि थेट गुणून मोकळे झाले.

मी त्या दिवशीही पाचवीच्याच पट्टीवर होतो. तोंडातून निघून गेलं, “गुरुजी, चुकलं. या पाचवीत.”

आणि गुरुजी आले. खडू ठेवला आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसले. सवयच पडली होती. ती उठली, फळ्यावर बेरीज निम्मी केली, गुणली. गुरुजींनी बाजूच्या लहान पोराला सगळं समजावलं. पोरगं म्हणालं, “आता बराबर. जा गुरुजी वर.” तेव्हा कुठं त्यांना आठवलं की समोर खुर्चीत कोणी बसलं आहे.

साहेबांनी पाणी मागितलं. मग शेरेबुकात लिहिलं: मुद्दाम चूक करून ती मुलांकडून सुधारून घेण्याची शिक्षकाची युक्ती उत्तम आहे. असा शिक्षक एकट्यानं भार वाहून थकू नये. दुसरा शिक्षक द्यावा.

दुसरा मास्तर महिन्याभरात आला. त्याला सगळं येत होतं. कोणी एकमेकांशी बोललं की छडी मारायची, हेही येत होतं.

मग तिचा बाप आला. “आता दोन-दोन मास्तर हायत. माही पोरगी काहून पायजे तुमाले?”

गुरुजी खिडकीजवळून उठून बाहेर आले. “दोन महिने राह्यले. फारम भरू द्या तिचा.”

“तिच्याबिगर शाळा चालते का नाही, तेवढं सांगा.”

नवा मास्तर दारात उभा राहून ऐकत होता. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चालते.”

दप्तर घ्यायला ती आत आली. जाताना मला म्हणाली, “तुह्या तोंडाले कुलूप नव्हतं का गा त्या दिवशी?” मी हसलो. मला वाटलं, मस्करी करून राहिली.

परीक्षेला मी बसलो. बांधीचंच गणित आलं. मी निम्मी करायचं विसरलो. त्या उन्हाळ्यात तिच्या बापाला जावई शिकलेला पाहिजे होता, तर मी ‘सातवीपर्यंत शिकलेला’ निघालो.

पुढं आम्ही नागपुरात आलो, मी गिरणीत लागलो. बाया साडीवरून भांडतात, दागिन्यावरून भांडतात. माझी सातवीवरून भांडायची. मीही कधी ‘माझं चुकलं’ म्हटलं नाही. म्हणायचो, “साहेबाचं चुकलं.”

मागच्या हिवाळ्यात हुडकेश्वरला पोराच्या घरी शिरगणतीवाला आला. शाळेतला मास्तरच, तरणा. ती खाटेवर पडून होती.

“आजीचं शिक्षण?”

“सातवी पास,” मी म्हटलं. म्हटलं, एवढ्या वर्षांनी तरी भरून टाकू.

“खोटं काहून सांगता?” खाटेवरून आवाज आला. “लिही गा मास्तर, परीक्षेले बसूच नाही देल्लं.”

“तसा रकाना नाही आजी.”

“मंग बनव. मास्तर हायस ना?”

तो हसला आणि सहावी लिहून मोकळा झाला. मग मला विचारलं. मी सांगितलं, सातवी नापास. “म्हणजे सहावीच,” तो म्हणाला आणि तेच लिहिलं.

“पाहा,” ती म्हणाली, “परीक्षा देऊन तुमी आले कुठं!”

वैशाखात ती गेली. सरकारच्या कागदावर आम्ही दोघं सारखे शिकलेले आहोत. ते साफ खोटं आहे.