फोटोत बाई, खाटेवर बाई

भूतबित मी मानत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाचून झाल्यावर मला कोणी अंगारे-धुपारे सुचवू नयेत. सासरे गेले, सासू गेली, नवरा गेला. त्याच घरात मी अजून राहते, मला कोणी दिसलं नाही. मेलेलं माणूस मेलं, संपलं. पण मी जे सांगणार आहे त्यात मेलेलं कोणीच नाही... हीच तर कटकट आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. मी बोलते आणि नात प्राजक्ता मोबाईलवर लिहिते. माझं 'मले' ती 'मला' करते. करू दे.

आम्ही चंद्रपूरला पठाणपुरा गेटच्या आत राहतो, गावाच्या जुन्या परकोटाच्या भिंतीला लागून. अनसूया ही माझी थोरली जाऊ, मी तिला बाई म्हणते. दोघी विधवा झालो तेव्हापासून एकाच चुलीवर होतो. मागच्या पावसाळ्यात बाई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिचा मुलगा दिवाकर तिला पोंभुर्ण्याच्या पुढे, आपल्या गावी घेऊन गेला. तिथे सगळं खाटेवरच. उठवून बसवायलाही सून लागायची.

फोनवर बाईचं दर वेळी एकच. "पारबते, मले घेऊन जा व. मले आपल्या घरी मरू दे."

मी म्हणायची, "माह्यानं तुम्हाले उचलणं होते का? पडून राहा तिथीच." दिवाकरचंही तेच म्हणणं. काकू, तुझेच गुडघे गेले, तू तिचं काय करशील? खोटं नव्हतं ते. मी फोन ठेवून द्यायची.

आता त्या फोटोवाल्यांचं सांगते. प्राजक्ताचा एक ग्रुप आहे. रविवारी दिवस उगवायच्या आत उठायचं आणि गावातल्या जुन्या जागांचे फोटो काढत फिरायचं. त्याला फोटोवॉक म्हणतात. माझ्या मते ज्यांना घरी सकाळी काम नसतं, त्यांचा हा धंदा आहे. ऐन थंडीतला एक रविवार आमच्या गेटचा ठरला. मी सडा टाकून रांगोळी घालून उठले, तर दारात सात-आठ जण कॅमेरे घेऊन उभे.

लाल टोपीवाला एक त्यांचा मुख्य होता. म्हणाला, "आजी, परत एकदा रांगोळी काढता का? लाइट आत्ता चांगला आहे."

"काढली ते पुसू का आता?"

"नाही, बाजूला दुसरी काढा ना... कँडिड येईल."

बाजूला गटार आहे. मी त्याला ते दाखवलं. मग त्यांनी शेजारच्या शेवंताबाईकडून प्लास्टिकची खुर्ची आणली, मला गेटखाली बसवलं आणि पायावर पाय टाकायला लावला. राणीसारखं म्हणे. माझा गुडघा कळ मारत होता. वर धुकं किती सुंदर, धुकं किती सुंदर चाललेलं. अरे, त्यात अर्धा कोळशाचा धूर आहे! आम्ही रोज तेच खातो.

मग म्हणाले, आजी, अंचलेश्वराच्या देवळापर्यंत चला, वाटेत जुन्या गोष्टी सांगा. प्राजक्तानं डोळे मोठे केले म्हणून गेले. भिंतीच्या कडेकडेनं मी पुढे, आणि हे लोक उलटे चालत माझ्या तोंडासमोर. गोष्टी कोणाला ऐकायच्याच नव्हत्या. बोलायला लागले की म्हणायचे, आजी, तोंड बंद ठेवा, छान येतंय.

निम्म्या वाटेत कोणीतरी माझ्या चपलेवर पाय दिला. टाच सुटली. थोडं पुढे गेले तर परत. मी ओरडले, "कोण व मागं? टाच तुडवून राह्यलं माही!"

सगळे समोरून हसायला लागले. टोपीवाला म्हणाला, "आजी, मागे कोणीच नाही. मागे वळू नका, फ्रेम बिघडते."

मी वळले नाही. कॅमेरावाल्यांचं ऐकलं, ही माझी अक्कल. देवळाजवळच्या गोंड राजांच्या समाध्यांपर्यंत तशीच गेले, आणि आणखी एकदा टाच तुडवली गेली.

परत आल्यावर सगळे आमच्या घरी तर्री-पोहे खायला बसले. मीच केले, आणखी कोण करणार? प्राजक्ता आपल्या कॅमेऱ्यातले फोटो मला दाखवत होती. एका फोटोत मी भिंतीच्या कडेनं चालतेय, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. आणि माझ्या मागे बाई.

कोणी दुसरी म्हातारी नाही. लहानपणी बैलगाडीवरून पडून बाईचा डावा हात कोपरात वाकडा बसलेला आहे. त्या हाताच्या बेचक्यात ती तांब्या धरते, तसा धरलेला. लुगडं नेहमीसारखं घोट्याच्या वर खोचलेलं. माझ्या इतकी जवळ की तिचा पाय माझ्या चपलेला लागावा.

मी म्हटलं, बाकीच्यांचं दाखवा. टोपीवाल्याच्या कॅमेऱ्यात दोन फोटोंत बाई. एक मुलगी फक्त मोबाईलवर काढत होती, तिच्या समाधीजवळच्या फोटोत बाई. मी एकेकाला विचारलं, ही बाई तुम्हाला दिसली का? सारेच माझ्या समोर होते, डोळे फुटले होते का सगळ्यांचे? कोणालाच दिसली नव्हती. टोपीवाला म्हणाला, सेन्सरचा प्रॉब्लेम असेल. मी म्हटलं, "तुह्या सेन्सरले माही जाऊ कशी माहीत?" पोहे टाकून उठला तो.

दिवाकरचा फोन लागेना. त्याच्या गावात नेटवर्क असलं तर असतं, नाही तर नाही. शेवंताबाई खुर्ची न्यायला आली होती, तिनं फोटो पाहिला आणि तिथेच हात जोडले.

"गेली व अनसूयाबाई. तुले भेटून गेली."

"काहीतरीच बोलू नको."

"मग फोन काऊन लागत नाई? मातीत गेले असतील सारे. आणि तू का रिकाम्या हातानं जाशील? तिच्या माहेरी कोणी उरलं नाई, लुगडं तुलेच न्या लागते."

मी मानत नाही म्हटलं ना? पण माणूस मेलं असलं तर लुगडं न्यावंच लागतं, त्यात मानण्या-न मानण्याचं काय? बाजारात जाऊन विधवेला घालतात तसं कोरं पांढरं लुगडं घेतलं आणि प्राजक्ताला घेऊन एसटीत बसले. पोंभुर्ण्याहून पुढे ऑटो. वाटभर मनात एकच... तिला घरी यायचं होतं, मी आणलं नाही.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्याकडे मयताच्या घरी मुक्यानं जात नाहीत, गल्लीच्या तोंडापासून रडत जायचं असतं. म्हणून मी सूर लावला. "बाई वो... माही बाई वो... मले टाकून कुठी गेली वो..." दारादारातून बायका बाहेर आल्या. दोघी-तिघी कोणाचं काय झालं ते न विचारताच रडत माझ्याबरोबर चालायला लागल्या. दिवाकरच्या अंगणात धान वाळत घातलेलं होतं आणि सून ते पायानं उलटत होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि तीही रडायला लागली. तिला वाटलं, चंद्रपुरात कोणीतरी गेलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. "कोण मेलं व?"

बाईचाच आवाज.

आत गेले. खाटेवर उशीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "तू काऊन बोंबलून राह्यली? आणि सकाळी तर महाराणीवानी खुर्चीत बसली होती, पायावर पाय टाकून."

मी आधी तिच्या पायाला हात लावून पाहिला, गरम होता. हे सरळ सांगते, त्यात लाजायचं काय.

दिवाकर माझ्या मागेच उभा होता. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यात फोटो येतच नाहीत. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "काकू, सकाळी चहाच्या वेळी माय हेच सांगत होती. पारबती खुर्चीत बसली, मंग भिंतीजवळून चालली, मी मागं होती तं वळूनबी नाई पाह्यलं. मी म्हटलं, सपन पडलं असंल."

चहाच्या वेळी! तेव्हा आम्ही अजून समाध्यांपाशीच होतो. एकही फोटो कोणी पाहिला नव्हता. प्राजक्तानं त्याला तीन-तीनदा विचारलं. सून म्हणाली, रात्रीपासून आत्याबाई खाटेवरून हलल्या नाहीत, हलवायला मीच तर लागते.

बाईचं लक्ष माझ्या पिशवीकडे. "काय आणलं?"

"काही नाई."

तिनं चांगल्या हातानं पिशवी ओढून लुगडं बाहेर काढलंच. पांढरं बघून तिला कळलं. तिनं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं.

"पातळ हाये. मेल्यावर थंडी वाजत नाई म्हणून काहीबी उचलून आणलं होय?"

मी बोलले, "बाई, तुम्ही आल्या होत्या तं मले हाक काऊन नाई मारली?"

"मी काऊन हाक मारू? इतके दिवस फोनवर हाकाच मारून राह्यली होती ना."

रात्री जेवणं झाल्यावर मी दिवाकरला म्हटलं, उद्या तिला घेऊन जाते. वाटलं, हुज्जत घालेल. तो म्हणाला, "घेऊन जा, काकू. गाडी मी करतो. पायी जाण्यापेक्षा गाडीनं गेलेली बरी." हसला नाही तो.

आता बाई माझ्याकडेच आहे. सकाळ-संध्याकाळ एक मुलगी येते, बाईला उचलायला मला मदत करते. बाकी मी. बाई दिवसभर चुका काढते. वरण पातळ, पाणी गार, खाट वाकडी. फोटोवाले दोनदा आले, या आजींचा एक फोटो काढू द्या म्हणत. दोन्ही वेळा हाकलले. कोणी म्हणतं दोन फोटो एकावर एक आले असतील. तीन जणांच्या तीन यंत्रांत? कोणी म्हणतं देवीचा प्रकार आहे. बाईला मी रोज विचारायची, कशा आल्या होत्या? ती म्हणायची, "चालत." कोणत्या वाटेनं? "वाटेनंच." डोकं फिरतं. आता विचारणं सोडलं. तुमच्यात कोणाला याचा अर्थ लागला तर लागो, मला लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवाकरनं केलेल्या गाडीतून आम्ही तिला आणलं, ते मात्र मला पूर्ण समजतं. मागच्या सीटवर आडवी, डोकं माझ्या मांडीवर, डोक्याला वारा लागू नये म्हणून ते कोरं लुगडं गुंडाळलेलं. प्रत्येक खड्ड्याला मला शिवी. मूल गावाच्या अलीकडे माझ्या पदरात ओकली. घरापर्यंत माझा हात तिनं असा धरला होता की बोटांना मुंग्या आल्या, तरी सोडला नाही... मीही सोडवून घेतला नाही.

ते येणं खरं. त्याच्या आधीचं काय होतं, ते बाईलाच ठाऊक.