आधी पायाला विचार

भालेराव सर गेल्याचं मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. राहात्याच्या आमच्या शाळेत फोन एकच, तोही मुख्याध्यापकांच्या खोलीत, आणि मी सातवीच्या वर्गावर. शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "बाई, संगमनेरवरून फोन हुता. कुनी भालेराव सर हाईत का तुमचे? सकाळी वारले म्हनं." कुणी भालेराव सर... मी त्याच्यावरच खेकसले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? सकाळी उठले, चूळ भरली, छातीत कळ आली आणि संपलं, असं नंतर कळलं. पण त्या दिवशी जो राग डोक्यात बसला तो महिना उलटून गेला तरी उतरलेला नाही. माणूस गेल्यावर आठवणी लिहायच्या म्हणजे डोळे पाणावलेले हवेत, अशी रीत आहे. माझे पाणावत नाहीत. मला संताप येतो, आणि मी तो लपवणार नाही.

सरांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तो साधा होता. वंदना झाली, चार माणसं दोन-दोन वाक्यं बोलली, जेवणं झाली. पण पुढच्याच रविवारी जिल्ह्याच्या सायकल संघटनेनं शोकसभा घेतली. टेबलावर सरांचा फोटो, फोटोला हार, पुढे उदबत्ती, आणि फोटोशेजारी लाल मखमलीवर पायाची ताकद मोजणारं ते यंत्र. त्यालाही हार. इतकी वर्षं संघटनेच्या कपाटात कुलूपबंद असलेलं यंत्र त्या दिवशी तेल लावून चकचकीत करून आणलं होतं. अध्यक्ष बोलायला उठले आणि म्हणाले, सरांनी विज्ञान जिल्ह्याच्या घाटात नेलं, त्यांची दृष्टी काळाच्या पुढची होती, वगैरे. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. जिवंतपणी याच मंडळींनी त्यांना 'वॅटमास्तर' म्हणून हिणवलं होतं. बोलणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. सभा संपल्यावर सचिव मात्र जवळ आले आणि स्मरणिकेसाठी चार ओळी द्या म्हणाले, "फक्त कटू काही नको, बाई." म्हणून स्मरणिकेत मी काहीच दिलं नाही. जे आहे ते इथे लिहिते.

माझं गाव चंदनापुरी घाटाच्या वर. संगमनेरला कॉलेजला जाताना उतार आणि परत येताना चढ. वडिलांची जुनी काळी सायकल होती, तीच मी चालवायचे. भालेराव सर कॉलेजात फिजिक्स शिकवत. एका संध्याकाळी ते मोपेडवरून घाट चढत होते आणि त्यांची मोपेड धापा टाकत होती. मी मागून आले, घंटी वाजवली आणि पुढे गेले. वर देवळापाशी त्यांनी मला गाठलं. "कुनाची गं तू? माझ्या वर्गात न्हाई दिसत." मी म्हणाले, मराठीला आहे. "मग रोज घाटात काय करती?" मी म्हटलं, "घरी जाते सर." ते इतके हसले की मोपेड आडवी व्हायची राहिली. दुसऱ्या दिवसापासून ते माझे सर झाले. शर्यतीची सायकल त्यांनीच कुठून तरी मिळवून दिली, आणि माझ्या आईला समजवायला तीन वेळा घरी आले. आईचा प्रश्न एकच होता, पोरीचे पाय पुरुषासारखे झाले तर? सर म्हणाले, "झाले तर घाट तरी लवकर चढंल." आईला ते उत्तर अजिबात पटलं नाही, पण तिनं चहा टाकला.

सरांची मोजायची पद्धत सगळ्या गावाला ठाऊक होती. सायकलीसकट मला मार्केट यार्डात न्यायचे, कांद्याच्या अडत्याच्या काट्यावर उभं करायचे, हमाल विचारायचे, "सर, आज सायकलीचा लिलाव हाय का?" मग घाटाच्या पायथ्यापासून देवळापर्यंत घड्याळ लावायचं. वजन, उंची आणि वेळ यांवरून पायातली ताकद काढायची. हिशोब बरोबर होता, पण वारा आडवा यायचा. मी संघटनेच्या पोरांपेक्षा लवकर वर पोचले की कुणीतरी म्हणायचं, वारा मागून होता. मागे पडले तर मात्र वाऱ्याचं नाव कुणी काढत नसे. सर त्यावरून पेटले. परदेशी मासिकात त्यांनी एका यंत्राबद्दल वाचलं होतं. पायडल ज्या दांड्याला लागतं त्या क्रँकमध्येच ते बसवलेलं असतं. पाय दाबला की क्रँकचा धातू डोळ्याला न दिसेल इतका वाकतो, आतल्या पट्ट्या ते वाकणं टिपतात आणि हँडलवरच्या डबीत वॅट दिसतात. "वारा मागनं असू दे न्हाई तर पुढनं," सर म्हणायचे, "पाय किती दाबतोय एवढंच ते बघतं. कुनाचा पाय हाय ते बघत न्हाई." या शेवटच्या वाक्यावर त्यांचा फार विश्वास होता. मला आता त्याच वाक्याची चीड येते.

अध्यक्षांनी एका बक्षीस समारंभात संघटनेसाठी एक परदेशी यंत्र आणायचं जाहीर केलं. कोणतं, ते ठरवायला बैठक झाली. बाकीच्यांना छातीला बांधायचा, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा हवा होता, कारण तो स्वस्त आणि दिसायला भारी. सरांनी सांगितलं, ठोके भीतीनं वाढतात, चहानं वाढतात, अध्यक्ष समोर बसले तरी वाढतात. काम मोजायचं तर क्रँकच. हे पटलं. मग सर म्हणाले, क्रँकची लांबी ठरवावी लागेल, कारण यंत्र क्रँकमध्येच असतं. लांबी ठरली की पाय ठरला. त्यांनी एकशे सत्तर मिलिमीटर सांगितली. तेवढ्या लांबीवर संघटनेतला कुणीही चालवू शकला असता, मीसुद्धा. अध्यक्षांचा पुतण्या ताडमाड उंच, त्याला एकशे पंच्याहत्तर लागायची. त्या दिवशी एकशे सत्तरच ठरली. अध्यक्षांनी मान डोलावली आणि पोहे आले.

काही महिन्यांनी खोकं आलं. नारळ फोडला, खोक्याला हळदकुंकू वाहिलं, फोटो काढले. सरांनी क्रँक हातात घेतला, उलटा केला आणि आतल्या बाजूच्या आकड्यावर अंगठा ठेवून तसेच उभे राहिले. एकशे पंच्याहत्तर. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवताना आकडा परस्पर बदलला होता. सर माझ्याकडे बोट दाखवून अध्यक्षांना म्हणाले, "साहेब, हा मंगलच्या पायाचा न्हाई." अध्यक्ष म्हणाले, "सर, तांदळाच्या दाण्याएवढा तर फरक आहे. आणलंय ना आता? सगळ्यांनी वापरा." तेव्हा सरांनी त्यांना समजावून सांगितलं की क्रँक लांब असला की पाय खाली तेवढा जास्त जातो आणि वर तेवढाच जास्त येतो, आखूड पायाचा गुडघा प्रत्येक फेरीला नको इतका दुमडतो, आणि एका घाटात फेऱ्या किती होतात ते मोजा. सगळ्यांनी ऐकून घेतलं. फोटोवाल्यानं सरांना थोडं हसायला सांगितलं.

आणि त्यानंतर, तांदळाच्या दाण्यासाठी भांडणारा हाच माणूस मला म्हणाला, "मंगल, सांभाळून घेऊ. सीट जरा खाली करू. एकदा आकडा आला की कुनाची बोलायची टाप न्हाई." मी सबंध उन्हाळा त्या लांब क्रँकवर काढला. निघण्याआधी सायकल उभी करून पायडल उलटं फिरवायचं, डबीवर शून्य लावायचं, कारण सकाळच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात धातू वेगळा वागतो. मग घाट. चढताना डबीवर चिकटपट्टी लावलेली. वर देवळापाशी सर विचारायचे, "किती?" मी अंदाज सांगायचा. "आधी पायाला विचार, मग यंत्राला." मग ते चिकटपट्टी काढायचे. सुरुवातीला माझे अंदाज इतके चुकायचे की ते कपाळाला हात लावायचे. उन्हाळा सरता सरता माझा आकडा आणि डबीचा आकडा जवळजवळ एक यायला लागला. गुडघाही त्याच सुमाराला सुजायला लागला. मी रात्री हळद लावायचे आणि सकाळी घाटात असायचे. गावात पोरं ओरडायची, "मंगल, आज किती बल्ब पेटवले?" मला ते आवडायचं, हे खोटं कशाला सांगू.

पुण्याला मोठं शिबिर होणार होतं आणि जिल्ह्यातून एकच नाव जाणार होतं. मुलगा की मुलगी, अशी अट नव्हती. अध्यक्ष स्वतःच भर सभेत म्हणाले, यंत्र सांगेल तो जाईल, वजनाच्या किलोमागे ज्याचे वॅट जास्त तो. पुतण्या जिंकणार याची त्यांना खात्री होती. आधी त्याची पाळी झाली. मग पायथ्याच्या चिंचेखाली बसून सरांनी क्रँक त्याच्या सायकलवरून काढून माझ्या सायकलला लावला, सगळ्यांसमोर शून्य लावलं. मी गुडघ्याला पट्टी बांधून चढले. वर आकडे वाचले गेले, माझा जास्त होता. मग सचिव म्हणाले, यंत्र बिघडलेलं दिसतंय. ऊन लागलं असेल. सर म्हणाले, पुन्हा शून्य बघा. पाहिलं, शून्य जागेवर होतं. तरी बिघडलंय. तेव्हा सर जे म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "यंत्र झाकून ठेवा. तुमी सांगाल तेवढा वेळ ही पायडल मारंल आनि आकडा तोंडानं सांगंल. चुकला तर आमी घरी जातो." सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमच्या पोरीच्या अंगात येतं का?" नाव पुतण्याचं गेलं. यंत्र दुरुस्तीला म्हणून कपाटात गेलं ते शोकसभेला बाहेर आलं. बिघडलेल्या यंत्राला हार कशाला घातला, हे त्यांनी मला सांगावं.

माझा गुडघा पुढे सुधारला नाही. डॉक्टरांनी चढ बंद करायला सांगितले, मी डी.एड. केलं, राहात्याला लागले, लग्न झालं. संघटनेवर राग धरणं सोपं आहे, ती माणसं होतीच तशी. मला सरांचाही राग येतो, आणि तो जास्त जाळतो. एवढा हुशार माणूस, ज्यांचं मत आधीच ठरलंय त्यांना आकडा दाखवून जिंकू म्हणाला. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? लग्नानंतर एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं, क्रँक माझा नाही हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं, मग मला चढवलं का? सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मला वाटलं यंत्र आपलं हाय. ते त्यांचं हुतं." मग म्हणाले, "तुझा गुडघा आपला हुता. त्याला आधी विचारायला पायजे हुतं." मी त्यांना माफ केलं नाही. मी दुसऱ्या रविवारी परत गेले, त्याच्यापुढच्याही, आणि माफीबद्दल आम्ही दोघंही पुन्हा कधी बोललो नाही.

शोकसभेतून मी सरांच्या घरी गेले. सरांची बायको, आमच्या काकू, एकट्याच होत्या. चहा टाकते म्हणून आत गेल्या. बाहेरच्या खोलीत सरांची सायकल तशीच लोखंडी स्टँडवर चढवलेली होती, मागचं चाक अधांतरी, त्याला घासणारा चामडी पट्टा. इथे बसवून ते पावसाळ्यात आमच्याकडून सराव करून घ्यायचे, आणि अलीकडे स्वतःच बसायचे. यंत्र नाही, डबी नाही, साधा जुना क्रँक. एकशे सत्तर. मी पदर खोचला आणि चढून बसले. आधी पायडल उलटं फिरवलं, लावायला शून्य नव्हतं तरी. मग दाबायला लागले. पट्टा घासण्याचा तो आवाज घरभर झाला, गुडघ्यातून कळ वर आली, आणि मी त्या मखमलीला, त्या हाराला, त्या सगळ्यांना शिव्या देत दाबत राहिले.

आत भांड्यांचा आवाज थांबला. काकूंना वॅट म्हणजे काय हे कधी कळलं नाही, पण इतकी वर्षं त्यांनी तो आवाज आणि त्यामागून येणारा प्रश्न ऐकला होता. आतूनच त्यांनी विचारलं, "किती आलं गं?"

मी डोळे मिटले, पायाला विचारलं आणि आकडा सांगितला. घाटातल्या त्या दिवसाच्या निम्माही नव्हता.

"मग बरोबर हाय," काकू म्हणाल्या. "तुझा आकडा चुकत न्हाई म्हनायचे ते."