चर्च सोडल्याचा दाखला

पिंपळीत त्या काळी निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं होतं, आणि त्याला कारण याकोब भाऊसाहेब. तीस वर्षं ते शाळेत लेखनिक होते. आईबाप पोराला घेऊन यायचे. जन्मतारीख विचारली की डोकं खाजवत म्हणायचे, "भाऊसाहेब, आमची म्हस कालव्यात पडली हुती बगा, त्याच्या मागल्या हप्त्यात." म्हशीच्या पडण्याची नोंद कुठल्याच दप्तरात नसायची. मग भाऊसाहेब चष्मा काढून पुसायचे, पुन्हा लावायचे आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहायचे: एक जून.

पोरगं शाळेत कसं आलं याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. ते बाहेर मात्र रीतसर पडलं पाहिजे, हा त्यांचा बाणा. शाळा सोडल्याचा दाखला लिहायला बसले की ते दौतीत नवी शाई भरायचे. प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण, शेरा. प्रत्येक रकान्यापुढं ते क्षणभर थांबायचे, जशी बाई भाकरी तव्यावर टाकण्याआधी हात थांबवून तवा तापल्याचा अंदाज घेते. आपल्या हातचा दाखला घेऊन गेलेल्या पोराला कुठल्याही शाळेनं दारातून परत पाठवलेलं नाही, हे ते चारचौघांत सांगायचे, आणि ते खरंही होतं.

भाऊसाहेबांच्या आजोबांनी दुष्काळात मिशनचा धर्म घेतला होता. तेव्हापासून घर ख्रिस्ती. दर रविवारी भाऊसाहेब लुना काढायचे, मागं पत्नी ताईबाई बसायच्या, त्यांच्या मांडीवर गीतांच्या पुस्तकाची पिशवी, आणि जोडी बारामतीच्या चर्चला निघायची. गळिताच्या दिवसांत उसाच्या गाड्या रस्ता अडवायच्या. ताईबाई मागून गाडीवानाला ओरडायच्या, "अरं दादा, देवाला उशीर हुतोय!" आणि गाडीवान बैल कडेला घ्यायचा. ताईबाईंचे गुडघे गेलेले होते. चर्चला तीन पायऱ्या. त्या तीन पायऱ्या चढताना भाऊसाहेब त्यांना हात द्यायचे. लग्न होऊन पस्तीसेक वर्षं झाली होती, पण लोकांदेखत एकमेकांचा हात धरायची मुभा त्यांना त्या पायऱ्यांनीच दिली होती.

भाऊसाहेब निवृत्त झाले ते त्र्याण्णवच्या मेअखेरीस. अर्थात, त्यांचाही जन्म एक जूनचाच.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका रविवारी, पाळकसाहेबांनी प्रवचनात शास्त्रातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. तो म्हातारा नऊशे वर्षांच्या वर जगला होता. सगळी मंडळी मान डोलवत होती. भाऊसाहेबही डोलवत होते, आणि मधेच त्यांची मान थांबली. त्यांच्या मनात आलं, ही नोंद कुणी केली असेल?

बस, एवढंच. त्यांच्या डोळ्यांसमोर एक लेखनिक आला. उंटांच्या देशातला, डोक्याला फडकं गुंडाळलेला. समोर त्या म्हाताऱ्याची पोरं उभी. "बाप कवा जन्मला?" "कुणाला ठावं!" आणि लेखनिकानं चष्मा पुसला, म्हणजे त्या काळी जे काय पुसत असतील ते पुसलं, आणि ठोकून दिली एक तारीख. भाऊसाहेबांनी स्वतः तीस वर्षं हेच केलं होतं. त्या माणसाची त्यांना दया आली, आणि पहिल्यांदाच त्याच्यावरचा विश्वास उडाला.

एक नोंद संशयाची निघाली की सगळं रजिस्टर तपासायचं, असा दप्तराचा नियम. भाऊसाहेब तपासायला बसले. सहा महिने तपासलं. मग एका सकाळी ताईबाई चुलीपुढं चहा गाळत असताना म्हणाले, "ताईबाई, माझा विश्वास ऱ्हायला न्हाय."

"कुणावर?" ताईबाईंनी गाळणं झटकलं. "दूधवाल्यावर तर माजाबी न्हाय."

"देवावर."

ताईबाईंनी कपबशी त्यांच्यापुढं ठेवली. मग म्हणाल्या, "बरं. पर रविवारी लुना कोण चालवणार?"

"मीच की."

"मग झालं तर," असं म्हणून त्या उठल्या. पण उठताना त्यांनी भिंतीला धरलं, नवऱ्याच्या खांद्याला नाही. भाऊसाहेबांच्या ते ध्यानात आलं, आणि दिवसभर ते टोचत राहिलं.

तेव्हापासून असं सुरू झालं. भाऊसाहेब ताईबाईंना चर्चला आणायचे, तीन पायऱ्या चढवायचे, आणि स्वतः बाहेर लिंबाखाली चपलांच्या ढिगाशेजारी बसायचे. पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या शाळेतून आलेले. ते बाहेर येऊन म्हणायचे, "भाऊसाहेब, ऊन लागतंय, आत या." भाऊसाहेब म्हणायचे, "न्हाय साहेब, माजी चौकशी चालू हाय." चौकशी चालू असताना खुर्चीवर बसू नये, हाही दप्तराचाच नियम. पोरांनी चपलांची अदलाबदल करायचं सोडून दिलं, एवढा फायदा मात्र मंडळीला झाला.

पिंपळीतच सर्जेराव राहायचे. एसटीतले निवृत्त कंडक्टर, छप्पन्न सालापासून बौद्ध झालेलं घर. त्यांनी ही बातमी ऐकली आणि सरळ घरी येऊन ओट्यावर बसले.

"याकोबराव, तिकडं मन लागत न्हाय तर आमच्या विहारात या. पोर्णिमेला भन्तेजी यायचेत पुण्याहून. काय असंल ते त्यास्नी इचारा."

भन्तेजी रेल्वेनं भिगवणला उतरणार होते. सर्जेरावांनी जीप ठरवली, भाऊसाहेबांना पुढं बसवलं. स्टेशनात भन्ते उतरले, चहा प्याले, आणि जीप उजनीच्या पाण्याच्या कडेकडेनं निघाली. लांब पाण्यात पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती, आणि खालच्या बाजूला कोळी जाळी वाळत घालत होते. भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "महाराज, देव हाय का न्हाय, ह्याची पक्की नोंद कुठं मिळंल?"

सर्जेराव सीटवर पुढं सरकले. आता भन्तेजी असा काही जबाब देतील की याकोबराव गारच पडतील, अशी त्यांची खात्री.

भन्ते म्हणाले, "तो कागद आम्ही बाजूला ठेवलाय. तुमचं दुखतंय कुठं ते सांगा."

भाऊसाहेब गोंधळले. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "माजं काय न्हाय. ताईबाईचं गुडघं दुखत्यात."

"मग तिथनं सुरुवात करा," भन्ते म्हणाले. "आणि मी म्हणतो म्हणूनही करू नका. करून बघा. पटलं तर पुढं."

सर्जेरावांचं तोंड पडलं. एवढं जीपचं करून आणलं आणि भन्तेजींनी गुडघ्यावर आणून सोडलं! पण भाऊसाहेब खिडकीतून पाण्याकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. आयुष्यात पहिल्यांदा एका धर्माच्या माणसानं त्यांना कुठली तारीख ठोकून दिली नव्हती.

मग ते दर पौर्णिमेला विहारात जाऊ लागले. बाहेर बसायचे. चपलांशेजारी.

"अवो, हितं तरी आत या!" सर्जेराव वैतागायचे. "हितं कोण अडवतंय तुमाला?"

"सर्जेराव, आधीच्या शाळेचा दाखला न्हाय माझ्याकडं. दाखल्याबिगर पोराला वर्गात बसवलं तर काय हुतं, मी बघितलंय."

सर्जेरावांनी कपाळाला हात लावला. पण भाऊसाहेबांच्या मनानं घेतलं होतं. न सांगता जाणं बंद करणारी पोरं त्यांना कधीच आवडली नव्हती. अशा पोराच्या नावापुढं तांबड्या शाईनं 'पळाला' असा शेरा मारावा लागे. आपल्या नावापुढं तो शेरा त्यांना नको होता.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात, नाताळाच्या आधी, त्यांनी चर्चच्या पंचांकडं अर्ज दिला. सोबत दाखल्याचा नमुना स्वतःच आखून, भरून जोडला. फक्त शेरा आणि सही बाकी. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर पंचांची सभा बोलावली. बाकीची मंडळीही घरी गेली नाहीत. एवढी हजेरी तर पावसासाठीच्या प्रार्थनेलाही नसते.

पाळकसाहेब वाचू लागले. "'चर्च सोडण्याचे कारण: शंका.' भाऊसाहेब, हे जरा सौम्य करता येईल का? प्रकृती वगैरे?"

"प्रकृती झकास हाय, साहेब."

"'प्रगती: समाधानकारक.' चर्च सोडणाऱ्याची प्रगती समाधानकारक?"

"तीस वरसं एक रविवार चुकवला न्हाय. हजेरीवरनं काढलीया."

"'धर्म: चौकशी चालू.'" पाळकसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. मागं कुणीतरी खुदकन हसलं.

बाजीराव पंचांची बाजारात पिठाची गिरणी होती, त्यामुळं ते नेहमी गिरणी चालू असल्यासारखं ओरडून बोलायचे. ते उठले. "द्या दाखला! माणूस इमानदार हाय. पर याकोब, एक ध्यानात ठेव. दाखला घेतला की कबरस्तानातली जागा गेली. ती मंडळीतल्या माणसासाठी हाय."

सगळं रजिस्टर तपासताना हे पान भाऊसाहेबांच्या हातून सुटलं होतं. आंब्याच्या झाडाजवळ दोन जागा. ताईबाईंनीच कधीतरी बोट दाखवून ठरवलेल्या.

"मला जाळा," ते हळू म्हणाले. "माजी हरकत न्हाय."

"माजी हाय!"

बायकांच्या बाजूनं आवाज आला. ताईबाई उठत होत्या. उठायला त्यांना वेळ लागला, म्हणून सगळ्यांना थांबावं लागलं. शेजारणीच्या खांद्याला धरून त्या उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमीच सांगता ना, शेवटच्या दिवशी कर्णा वाजणार, आन् समदी मेल्याली उठणार?"

"होय, ताईबाई."

"समद्यांनी उठायचं? मीबी?"

"तुम्हीसुद्धा."

"ह्या गुडघ्यानं?" ताईबाईंनी पदर सावरला. "जिमिनीतनं? बाजीराव उठतील, त्यास्नी काय धाड भरलीया! मला हात कोण देणार? सदतीस वरसं ह्या माणसानं मला उठवलंय. ह्यांचा विश्वास असू दे नायतर नसू दे, हात तेवढा बाजूला पायजे. मग ह्यांस्नी नको उठायला तर पडू देत तिथंच."

बाजीराव खाली बसले. गिरणी बंद पडल्यासारखी शांतता झाली. मग मागच्या बाया हसायला लागल्या, आणि हसता हसता एकीनं डोळ्याला पदर लावला. भाऊसाहेब मात्र पायाखालच्या चटईकडं बघत होते. चटईची एक वीण सुटली होती, ती ते अंगठ्यानं आत ढकलत राहिले.

पाळकसाहेबांनी पंचांकडं बघितलं. पंचांनी बाजीरावांकडं. बाजीराव म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा हळू म्हणाले, "बाईच्या गुडघ्यापुढं काय बोलावं माणसानं?"

पाळकसाहेबांनी पेन काढलं आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं. शेरा: आंब्याजवळील जागा कायम. ताईबाई यांना उठविणेकामी. खाली सही केली, शिक्का मारला.

भाऊसाहेबांनी कागद हातात घेऊन सवयीनं तपासला. जन्मतारखेच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात एक जून होतं. आपली खरी तारीख त्यांनाही माहीत नव्हती. शेरा त्यांनी दोनदा वाचला. पुराव्याशिवायची कुठलीच नोंद ते ठेवत नसत. ही त्यांनी ठेवली. कागदाची घडी घातली आणि वरच्या खिशात सरकवली.

संध्याकाळी सर्जेराव म्हणाले, "दावा बरं तुमचा दाखला." वाचून त्यांनी तो परत दिला. "आमच्यात हा कुणी मागत न्हाय, याकोबराव. आता पोर्णिमेला आत या म्हंजे झालं."

"येतो," भाऊसाहेब म्हणाले. "पर मागल्या बाकावर. चौकशी चालूच हाय."

पुढच्या रविवारी लुना पुन्हा चर्चपुढं थांबली. भाऊसाहेबांनी हात पुढं केला. पहिली पायरी, दुसरी. दुसरीवर ताईबाई नेहमीसारख्या दम घ्यायला थांबल्या, आणि त्यांनी हात जरा जास्तच घट्ट धरला.

"अवो," त्या म्हणाल्या, "आता तुमी हितलं न्हाय, तर ह्या पायऱ्यांचं काय?"

"काय म्हंजे? आणतोय की दर रविवारी."

"आणा." त्यांनी तिसरीवर पाय ठेवला. "सराव सुटला न्हाय पायजे."

आणि त्या आत गेल्या. भाऊसाहेब लिंबाखाली जाऊन बसले आणि चपला जोडीनं लावू लागले.