‘येळ’ म्हणून कोण ओरडलं?

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीवर होते. तिथं चिंचेवरची हडळ आणि वखारीतला मुंजा यांच्या गोष्टी रोज निघायच्या, आणि वडील म्हणायचे, “तंबाखूच्या धुरळ्यानं डोळ्याला पाणी येतंय, त्यात दिसतंय ह्यास्नी भूत!” मी त्यांचीच लेक. या सदरातले अनुभव मी आजवर जेवणानंतर गंमत म्हणून वाचत आले. आता वाचकांनी मला हसावं, माझी हरकत नाही.

लिहायला बसले ते आमच्या शेजारच्या वकिलीणबाईंमुळे. आम्ही सध्या टिळकवाडीत राहतो. हवा मोकळी, रस्ते सरळ, प्रत्येक बंगलीला फाटक आणि फाटकाला कडी. परवा त्या मला म्हणाल्या, “अहो, तुम्ही गावातल्या त्या गल्लीत इतकी वर्षं कशा राहिलात? लहान मुलगी घेऊन? सेफ वाटायचं का तिथं?” मी तेव्हा नुसती हसले. घरी आल्यावर मात्र असा राग आला की सांगता सोय नाही. सेफ म्हणे!

तर ऐका.

गल्लीचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला अजून बाजारात भेटतात आणि दहा प्रश्न विचारतील. बेळगावात किल्ल्याकडून बाजाराकडं येताना जुन्या वस्तीत ज्या उताराच्या गल्ल्या लागतात, त्यातलीच ही एक. दोन्ही बाजूंना पांढऱ्या मातीच्या भिंतींची कौलारू घरं, मध्ये फरशी, टोकाला विहीर. माजघरात भर दुपारी कंदील लावावा लागे. गटाराबद्दल न बोललेलं बरं. आमचे हे हायस्कुलात सायन्स शिकवत. लग्न होऊन मी आले तेव्हापासून त्यांचं टुमणं होतं की टिळकवाडीत एखादं हवेशीर घर बघू, आणि माझीही त्याला ना नव्हती.

पण एक कबूल केलं पाहिजे. त्या गल्लीत दिवसा कुणाचं दार लागलेलं मी पाहिलं नाही. अनोळखी माणूस उतारावरून आत शिरला की तिसरं घर ओलांडायच्या आत त्याला कुणीतरी विचारणारच, “कुणाकडं आलासा? पाणी पितासा काय?” हे पाणी म्हणजे पाहुणचारही आणि झडतीही. ज्याचं काम खरं असे तो पाणी पिऊन पुढं जाई, ज्याचं नसे तो तहान नाही म्हणून मागं फिरे. पोलीस आमच्या गल्लीत यायचे ते फक्त विहिरीचं पाणी गोड म्हणून.

पोरांचं तर विचारूच नका. ज्या घरात भूक लागेल तिथं जेवायची, झोप येईल तिथं झोपायची. आमची लेक सुमी नुकती चालायला लागली तेव्हा ती दिसेना म्हणून मी घाबरीघुबरी होऊन दारोदार फिरायची. समोरची सोनाक्का म्हणायची, “आसंल की कुणाच्यात तरी! आपल्या गल्लीत पोर हरवतंय व्हय?” आणि खरंच कुणाच्यात तरी ती असायची, तोंडाला गूळ लागलेला.

आणखी एक नियम होता — पोरं मोजायची नाहीत. मोजली की दृष्ट लागते. खाऊ करायचा झाला तरी “पोरांपुरता” करायचा. किती पोरं, हे कुणी विचारायचं नाही. मला हा अडाणीपणा वाटे. तरी हळूहळू मीही मोजायचं सोडलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला म्हणतात ना, तसं झालं माझं.

सोनाक्काचे यजमान बाबगोंडा आप्पा. चिकोडीकडचं जैन घराणं, बाजारात धान्याचं दुकान. घरात कानडी, गल्लीत मराठी आणि चिडले की दोन्ही एकदम. चिडायचे मात्र फार क्वचित, कारण त्यालाही वेळ लागायचा. एवढा संथ माणूस मी जन्मात पाहिला नाही. ते पटका बांधायला बसले की माझा भात टाकून उतरूनही होई. दुकानात माप घालताना इकडचे व्यापारी ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात आणि मग दोन, तीन. आप्पांना त्याची इतकी सवय होती की देवापुढची केळीसुद्धा “लाभ, दोन, तीन” अशी ठेवायचे. आम्ही बायका मागून त्यांच्या नकला करायचो.

त्या वर्षी श्रावणात पावसानं नुसता पिट्ट्या पाडला होता. सूर्य म्हणून दिसला नव्हता. भिंतींना हात लावला तर बोटाला ओली माती यायची. तशात नागपंचमी आली. इकडं पंचमीला झोके बांधतात, तंबिटाचे लाडू करतात, आणि बायका मिळून वारुळाला दूध-लाह्या घेऊन जातात. आमच्या सोप्यातली तुळई सगळ्यात दणकट, म्हणून गल्लीतल्या पोरांचा झोका दरवर्षी आमच्याकडंच. सकाळपासून पोरं झोक्यावर होती. यांना शाळेतल्या एका मास्तरांकडं जेवायला बोलावलं होतं, म्हणून घरात मी एकटीच मोठी.

जेवणं झाली, पाऊस थांबेना. उघडीप झाली की वारुळाला निघायचं असं ठरलं आणि जी ती आपापल्या घरी आडवी झाली. मीही उंबऱ्याशी टेकले. त्या दिवशी सुई धरायची नाही, विळीला हात लावायचा नाही, म्हणजे हातही मोकळे. पोरं ओरडत होती. त्या कलकलाटातच माझा डोळा लागत होता.

आणि हाक आली.

“येऽऽळ!”

खणखणीत. घाबरलेली नाही की रडकी नाही. कामाला लावणाऱ्या माणसाची असते तशी हाक. थोडं थांबून पुन्हा, “येऽऽळ!” विहिरीच्या बाजूनं आली असं मला वाटलं, पण शपथेवर सांगता येणार नाही.

आमच्याकडं, निपाणीकडंही, वेळेला येळच म्हणतात. मला वाटलं, सोनाक्का बोलावतेय, वारुळाला जायची वेळ झाली. बाहेर पाहिलं तर पाऊसही जरा उघडला होता. मी ताट उचललं आणि पोरांना म्हटलं, “चला रे, येळ झाली! लाह्या पाहिजेत ना?” लाह्यांचं नाव काढताच झोका रिकामा. सगळी पोरं धडाधडा गल्लीत. वरच्या अंगाच्या दोन-तीन घरांतल्या बायकाही ताटं घेऊन बाहेर आलेल्या. त्यांनाही ‘येळ’ ऐकू आलं होतं.

एवढ्यात समोरून सोनाक्का डोळे चोळत आली, अंबाडा सुटलेला आणि तोंड फुगलेलं. “कोण गं मला उठीवली? येळ येळ म्हणून बोंबलायला काय झालतं?”

“अगं, तूच हाक मारलीस ना? वेळ झाली म्हणून?”

“मी? मी निजलोतो की!” (आमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, वाचकांनी दचकू नये.) “कुणीतरी ‘ऊठ, ऊठ’ म्हणालं म्हणून उठलो.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कानडीत ‘येळ’ म्हणजे ‘ऊठ’. मी तिला ते सांगितलं आणि आम्ही सगळ्याजणी हसत सुटलो. एक हाक, अर्ध्या गल्लीनं मराठीत ऐकली आणि अर्ध्या गल्लीनं कानडीत!

बाबगोंडा आप्पा हसत नव्हते. ते आपल्या कट्ट्यावर उभे होते, पटका न बांधता. बोट पुढं करून ते पोरांकडं बघत होते आणि ओठ हलत होते.

“लाभ… येरडु… मूरु… नाक… ऐद… आर…”

सोनाक्का किंचाळलीच. “अवो, पोरं मोजतासा काय! सणाचं दिवस!”

“सात म्हणालं की कोण तरी,” आप्पा म्हणाले. “दोनदा म्हणालं. ही सा हैत. सातवं कुठं हाय?”

कानडीत ‘येळ’ म्हणजे ‘सात’सुद्धा. जन्मभर मापं मोजलेल्या माणसानं तेवढंच ऐकलं होतं.

मी पोरांकडं पाहिलं. खोटं कशाला सांगू — कोण कमी आहे ते मला लगेच कळलंच नाही. मोजायची सवयच नव्हती ना! एकेका तोंडावरून नजर फिरवत गेले, शेवटच्या पोरापर्यंत आले. सुमी नव्हती.

“आसंल कुणाच्यात तरी,” मागून कुणीतरी नेहमीसारखं म्हणालं. मीही क्षणभर तेच धरून उभी राहिले. आप्पा उभे राहिले नाहीत. ज्या माणसाला कट्ट्याच्या तीन पायऱ्या उतरायला काठी आणि सोनाक्काचा हात लागायचा, तो वरून सरळ खाली उडी टाकून आमच्या घरात घुसला. मी ताट टाकलं आणि मागं धावले. उंबऱ्यात पोचते तो आत ते माजघरात वळकट्या उपसून फेकत होते. सुमी झोक्याला कंटाळून वळकट्यांच्या मागं शिरून झोपली होती. त्यांनी तिला काखोटीला मारलं आणि सोप्यात पाऊल टाकलं…

धान्याचं पोतं सरकावं तसा आवाज झाला, फार मोठा नाही. माजघराची मागची भिंत बसली आणि माळा, कौलं सगळं तिच्यावर आलं. एक वासा आप्पांच्या खांद्यावर बसला. ते मला ढकलतच बाहेर पडले. गल्लीभर धुरळा, पाऊस असूनसुद्धा.

सुमी झोपमोड झाली म्हणून रडत होती. चार वर्षांची पोर, तिला काय कळणार! तिनं आप्पांना दोन चापट्याही मारल्या.

मग शोध सुरू झाला. हाक मारली कोणी? गल्लीतलं प्रत्येक जण म्हणे, मी नाही बाई. कुणी म्हणालं आवाज बाईचा, कुणी म्हणालं बाप्याचा. विहिरीवर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं.

हे संध्याकाळी धावत आले. घराची दशा पाहिली, सुमीला पाहिलं. पण मास्तर तो मास्तर. दुसऱ्या दिवशी त्यांना कारण सापडलं. “केळंवाली असणार. ‘केऽळं’ ओरडली, तुम्ही झोपेत ‘येळ’ ऐकलंत. सोपं आहे.” मलाही पटलं. मी तर सुटकेचा निःश्वास टाकला! पुढच्या बाजारी केळंवाली आली तेव्हा तिला विचारलं, तर ती म्हणाली, “पंचमीदिवशी कोण केळं इकतंय गं बाय, त्या पावसात? मी पिरनवाडीत माझ्या घरात झोक्यावर बसलोतो.”

बरं, केळंवाली नसो, दुसरं कुणी असो. कुणीतरी काहीतरी ओरडलं, आम्ही आपापल्या भाषेत ऐकलं, इथवर माझं लॉजिक चालतं. भिंतीचंही मला कोडं नाही. इतका पाऊस पिऊन भिंत पडणारच होती. मी अडते ती आकड्यापाशी. सणाला काही पोरं मामाच्या गावी गेलेली, चिकोडीहून कुणाच्या बहिणीची दोन आलेली. त्या दिवशी माझ्या घरात किती पोरं खेळतायत ते मला ठाऊक नव्हतं, गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. नंतर मी गुपचूप एकेकाचं नाव घेऊन हिशोब लावला. सातच होती. आमचे हे म्हणतात, योगायोग. असेलही. अलीकडं मात्र त्यांनी हा विषय काढायचंच सोडलंय. एवढी वर्षं झाली, मला उत्तर मिळालेलं नाही. कुणा वाचकाला सुचलं तर जरूर कळवावं, पण केळी सोडून!

घर पुन्हा उभं राहीपर्यंत आम्ही आप्पांच्याच घरी राहिलो. भाड्याचा विषय काढला तर सोनाक्कानं मला लाटणं दाखवलं. पुढं यांची शाळा बदलली, ती लांब पडू लागली म्हणून टिळकवाडीला आलो, नाहीतर मी तिथून हलले नसते.

त्याच पंचमीच्या संध्याकाळी आप्पा हात गळ्यात बांधून माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मान खाली. मी पायांवर डोकं ठेवायला वाकले, तर मागं सरले.

“मास्तरीणबाई, चूक झाली बगा. पोरं मोजलो. तेवढं मीठ-मिरच्या ओवाळून टाका तिच्यावरनं.”

मला रडूच फुटलं. दुपारपासून आवरून धरलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. सोनाक्कानं मीठ-मिरच्या आणल्या, ओवाळून चुलीत टाकल्या. मग तिनं सुमीला मांडीवर घेतलं, आणि तिच्याकडून वरच्या घरातल्या काकूनं घेतलं, तिच्याकडून विहिरीजवळच्या म्हातारीनं. एकेक बाई येत होती, पोरीचं तोंड कुरवाळत होती, पदर डोळ्याला लावत होती. मी सकाळपासून लेकीला नीट जवळसुद्धा घेतलं नव्हतं. दिवेलागण झाली, सुमी जांभया द्यायला लागली. शेवटी मी उठून त्या म्हातारीपुढं हात पसरले.

म्हातारीनं सुमीला आणखी घट्ट धरलं. “थांब की गं जरा,” ती म्हणाली, “माझं अजून झालं न्हाय.”