लंकाबाईंचा डावा पाय

माझ्या सासूबाई, लंकाबाई, पायाळू. जन्मताना डोक्याआधी त्यांचे पाय बाहेर आले, आणि अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, हे आमच्या मखमलाबादला शेंबड्या पोरालाही ठाऊक. सकाळी झेंडूच्या वावरात जायच्या आधी ओट्यावर कुणी ना कुणी कंबर धरून बसलेलं असायचंच. आई त्याला पालथं निजवायच्या, डाव्या पायाचा अंगठा पाठीवरून तीनदा फिरवायच्या आणि म्हणायच्या, ऊठ आता, नाटकं पुरे. माणूस उठायचा. त्याबद्दल सुपारीचं खांडही त्या घ्यायच्या नाहीत. घेतलं की गुण जातो म्हणे.

मी बीएस्सी झालेली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता आणि तो नाही हे मी लपवतही नव्हते.

चार वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचा एक स्तन काढला. केमोत केस गेले, परत आले ते कुरळे. हे आधी असते तर तुझ्या सासऱ्याला मीच नकार दिला असता, असं त्या म्हणायच्या. पुढे रोजची एक गोळी तेवढी राहिली. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, हाड पंधरा दिवसांच्या वर दुखलं तर थेट इकडे यायचं. त्या वेळी शेजारी मी होते. ते वाक्य मी ऐकलं होतं.

गेल्या दसऱ्याच्या आधी, फुलं तोडायच्या घाईत, त्या बांधावर कमरेला हात लावून उभ्या दिसल्या. उसण भरली म्हणाल्या. मी सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "आई, अख्ख्या गावाच्या पाठी तुडवता, आता तुमची कोण तुडवणार?" बायका खो खो हसल्या. आईही हसल्या. त्यानंतर पाठीबद्दल त्या माझ्यासमोर एक शब्द बोलल्या नाहीत.

पायाळूचीच पाठ धरली हे गावाला कळलं तर ओट्यावर कोण येणार, हा त्यांना घोर. म्हणून बहिणीकडे जाते असं सांगून त्या दोनदा गिरणाऱ्याला गेल्या आणि तिथल्या नवसाबाई नावाच्या पायाळू बाईकडून पाठीत लाथ मारून घेऊन आल्या. हे आम्हाला नंतर कळलं. पण त्या वाकून चालतात, खाटेची कड धरून उठतात, हे मला रोज दिसत होतं. दिवसभर लोकांचे रिपोर्ट काढणारी मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि मला माझी अजून चीड येते.

मार्गशीर्षात एका सकाळी ओट्याची पायरी उतरताना त्या खाली बसल्या आणि पाय उचलेनात. माझ्या नवऱ्याने, दीपकने, त्यांना उचलून रिक्षात घातलं. एमआरआयमध्ये दिसलं, स्तनातला कॅन्सर मणक्यांत उतरला होता आणि एक मणका दबून मज्जारज्जूवर आला होता. लाथेने हा आजार झालेला नाही, डॉक्टर म्हणाले, पण दोन महिने वाया गेले. चालत्या आल्या असत्या तर पाय वाचायची आशा होती. रेडिएशनचे शेक दिले. दुखणं कमी झालं. पाय काही आले नाहीत.

आता त्या पुढच्या खोलीत खाटेवर असतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची. सासरे वावरातून आले की त्यांच्या पायांना तेल चोळतात आणि काही कळतं का विचारतात. त्या दर वेळी "थोडं थोडं" म्हणतात. त्या बऱ्या होणार नाहीत हे आम्ही त्यांना सांगितलं आहे. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग आता मी कोनाच्या कामाची?"

परवा धोंडीराम आला. पंचवटीच्या मार्केटात भाजीचे कॅरेट उचलतो, उसण भरून वाकडा झाला होता आणि इथलं त्याला काहीच माहीत नव्हतं. मी त्याला दारातूनच परत पाठवत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "येऊ दे त्याला."

तो खाटेकडे पाठ करून जमिनीवर बसला. आईंनी आधी आपल्या डाव्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. नाही म्हणायला माझ्याकडे तोंड कुठे होतं? मी पांघरूण सारलं, तो जड, गार पाय दोन्ही हातांनी उचलला आणि त्याचा अंगठा धोंडीरामच्या पाठीवरून तीनदा वरून खाली आणला.

धोंडीराम उठला, कंबर हलवून बघितली, मोकळं वाटतंय म्हणाला आणि आईंच्या पाया पडून गेला.

मी पाय परत उशीवर ठेवला. आई वर पत्र्याकडे बघत होत्या.

"हर्षाली, नीट लागला का गं पाय?"

"लागला, आई."

"मग बरं झालं. मला काय कळलं नाय."