एक कौल, दोन प्रश्न

पासष्ट सालच्या सप्टेंबरात थळच्या गावदेवीच्या देवळात मी एक भलताच उद्योग करून बसलो होतो. आज सांगूनच टाकतो... चौऱ्याऐंशीव्या वर्षी आता कुणाला घाबरायचं?

लढाई सुरू झाली होती, गावात दिव्यांवर काळे कागद लागले होते. आणि आयने नेमकं तेव्हाच माझं लग्न काढलं. मुलगी काशीदची, मासळी विकण्यात खुद्द आयच्या तोडीची. नाव ठेवायला जागाच नव्हती.

पण माझं चित्त पंजाबच्या सरहद्दीवर... तिथे सदू होता. आम्ही दोघं एकाच होडीवर वाढलो, मग तो लष्करात ट्रक चालवायला गेला. मागच्या सुट्टीनंतर रेवसच्या धक्क्यावर त्याने माझा हात धरला, तो लाँच सुटेपर्यंत सोडलाच नाही.

परतताना सायकलवर मी हसतही होतो आणि रडतही होतो. नुसता दोस्त गेल्यावर असं होत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. याला काही नाव असतं हे ठाऊक नव्हतं. देवीला हे चालेल का, याची मात्र जाम धास्ती होती.

त्यात लढाई लागल्यापासून त्याचं पत्रच नव्हतं.

आमच्याकडे लग्न ठरवायचं तर आधी देवीचा कौल घेतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवतो. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

गुरवाने आयचा प्रश्न मोठ्याने घातला, काशीदची मुलगी करावी का? आणि मी शहाण्याने त्याच वेळी मनातल्या मनात माझा घातला... सदू जिवंत परत येईल का?

उजवं फूल पडलं. मी टुणकन उडीच मारली! डोळ्यांत पाणी. आयला वाटलं, पोरगं नवरीसाठी हरखलंय. तिने लगेच साखर वाटायला काढली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग तिच्या कानात सगळं सांगून टाकलं. मी काय विचारलं ते, लग्न नको तेही, आणि सदूशिवाय मला कुणीच नको तेही. गुरवाच्या कानावर त्यातलं फक्त दुसऱ्या प्रश्नाचं पडलं, पण तेवढ्यावर तो तडकला. "एका कौलात दोन प्रश्न चालत न्हाईत. होकार एकालाच!"

आय देवीकडे बघत राहिली. माझा प्रश्न बाद झाला तर सदूचं काय?

"माझा प्रश्न मी माघारी घेते," ती गुरवाला म्हणाली. "पोराचा ऱ्हाऊ दे."

घरी जाताना मनसोक्त शिव्या घातल्या म्हणा. पण लग्नाचा विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि माझी देवीची भीती गेली ती कायमचीच.

सदू थंडीत आला, जरा लंगडत. आयने त्याला ताटावर बसवलं, बोंबील वाढले आणि म्हणाली, "तुला मी देवीकडून मागून घेतलाय. आता हितंच जेवायचं."

तो पुढे बेचाळीस वर्षं आमच्याच घरात जेवला. आय, तुझे हे उपकार कसे फेडू गं...